इथली डिस्क, तिकडची डिस्क

नोकरीत असताना लोक मला विचारायचे, "तुम्ही कॉम्प्युटरच्या कंपनीत नक्की काय करता?" मी सांगायचे, "खरेदी." मग समोरचा जरा नाराज व्हायचा. कॉम्प्युटर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर थंडगार खोली आणि पांढरे कोट असं काहीतरी आलेलं असायचं, आणि मी निघायचे भाव करणारी बाई. माझ्या सासूबाईंना मात्र माझं काम बरोबर कळलं होतं. ठाकुर्लीला आमच्या शेजारणींना त्या सांगायच्या, "सूनबाई ऑफिसात बाजारहाट करते."

ठाण्याला वागळे इस्टेटमधली आमची कंपनी लहानशी. आम्ही कॉम्प्युटर बनवत नव्हतो, जुळवत होतो. पेटी इथली, पडदा इथला, कळफलक कुठला तरी, आणि आतले महत्त्वाचे भाग बाहेरचे. त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे हार्ड डिस्क. गिऱ्हाइकाला काही कळत नसलं तरी डिस्क बिघडली की कळायचं, कारण त्याने वर्षभर टाइप केलेलं सगळं तिच्यात असायचं.

तेव्हाची डिस्क हातात घेतली तर विटेसारखी जड लागायची. आत धातूच्या चकत्या गरगर फिरतात आणि केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावरून एक सुईसारखा भाग त्यांच्यावर लिहितो-वाचतो. चकत्यांची ही डबी घट्ट बंद असते. ती घरी-दारी उघडायची नसते. डबीच्या खाली एक सर्किट बोर्ड स्क्रूने बसवलेला असतो. चकत्या फिरवायच्या, सुई हलवायची, हे सगळे हुकूम तो देतो. एवढं समजलं की पुढची गोष्ट समजायला हरकत नाही.

डिस्क मिळवायचे रस्ते तीन. पहिला म्हणजे थेट परदेशातल्या कंपनीकडून मागवायची. टेलेक्स करा, पुढे फॅक्स करा, बँकेत खेटे घाला, मग सहार विमानतळावर कार्गोच्या शेडमध्ये माल सोडवायला उभे राहा. वस्तूपेक्षा तिची ड्यूटी भारी. माल मात्र ताजा आणि अस्सल. गॅरंटीही खरी, फक्त ती वसूल करायला डिस्क परत तिकडे पाठवायला लागायची, आणि पाठवायचे कागद आणायच्या कागदांहून जास्त असायचे. दुसरा रस्ता मुंबईतल्या अधिकृत विक्रेत्याचा. तो एकदम माल आणून सुटा विकायचा. महाग पडायचं, पण फोन केला तर पलीकडे माणूस बोलायचा, आणि बिघडलेला नग त्याच्या टेबलावर नेऊन ठेवता यायचा. तिसरा रस्ता बाजाराचा. सिंगापूर-हाँगकाँगहून कोणाच्या तरी सुटकेसमधून कपड्यांत गुंडाळून आलेला माल. त्याची गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत. एकदा अशा एका डिस्कच्या पिशवीतून पुरुषाचा एक पायमोजा निघाला. आमचा सर्व्हिस इंजिनीअर नाखवा तो उचलून म्हणाला, "मॅडम, दुसरा पण मागून घ्या. जोडी तरी होईल."

हा नाखवा चेंदणी कोळीवाड्यातला. आजोबा-वडील खाडीत जाळी टाकायचे. "खाडीन काय ऱ्हायलं नाय," तो म्हणायचा, "म्हणून आमी पेटीत हात घालतो." डिप्लोमा केलेला, बोलायला तिरकस आणि हाताने अतिशय हळुवार. स्क्रू काढताना तो आधी हात पुसायचा आणि मग पेटीला हात लावायचा. मी आणलेल्या मालाची खरी परीक्षा तोच घ्यायचा, आणि नापास झालेला माल माझ्या टेबलावर काही न बोलता ठेवून जायचा.

आमच्या गिऱ्हाइकांत डोंबिवली एमआयडीसीतला एक रंगाचा कारखाना होता. म्हणजे कापड रंगवायचे रंग मिसळून देणारा. मालक शरद पाटकर, माझ्याच वयाचा, चाळिशीच्या अलीकडचा. वडील लवकर गेले आणि कारखाना अंगावर पडला. तो सांभाळायला शिकवलं वडिलांच्या वेळच्या मोने काकांनी. मोने तिथले रंगतज्ज्ञ. कापडाचा तुकडा समोर ठेवला की त्यात कुठला रंग किती, हे ते खिडकीशी उभे राहून सांगायचे. गिऱ्हाईक पाटकरांचं नाव घ्यायचं, पण माल मोन्यांच्या डोळ्यांवर जायचा.

अशा कारखान्याला कॉम्प्युटर कशाला, असं मलाही वाटलं होतं. पाटकरांनी परदेशातून रंग मोजायचं एक यंत्र आणवलं होतं आणि त्याला जोडायचा कॉम्प्युटर आमच्याकडून घेतला होता. यंत्र कापडाचा रंग मोजायचं आणि कॉम्प्युटर मिश्रणाचं प्रमाण काढून द्यायचा. पण त्यासाठी आधी कारखान्यातला प्रत्येक रंग वेगवेगळ्या प्रमाणात कापडावर चढवून, मोजून, त्याची मापं डिस्कमध्ये भरावी लागत. मोन्यांनी ते काम वर्षभर केलं. शिवाय आयुष्यभर डोक्यात ठेवलेल्या कृतीही त्यांनी एकेक करून त्यात घातल्या. त्या कॉम्प्युटरमधली डिस्क मी मुंबईच्या विक्रेत्याकडून घेतली होती, चार-पाच नगांच्या एका खेपेत.

एक्क्याण्णवच्या आगेमागे, परकीय चलनाची चणचण होती त्या दिवसांत, सकाळीच पाटकरांचा फोन आला. लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि नंतर कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. नाखवा आणि मी डोंबिवलीला गेलो. नाखवाने डिस्क बाहेर काढली, उलटी केली आणि बोर्डावरचा एक काळा पडलेला ठिपका मला दाखवला.

"बोर्ड जळलाय," तो म्हणाला. "आतल्या चकत्या जित्या असतील असं वाटतं. पण बोर्डाशिवाय त्या फिरणार कशा?"

"नक्कल ठेवलेली असेल ना?" मी विचारलं.

होती. मोन्यांनी कपाटातून फ्लॉप्यांचा डबा काढला. नाखवाने एक फ्लॉपी उजेडात धरली. आतल्या चकतीवर बुरशीचे पांढुरके ठिपके होते. दुसरी तशीच. डोंबिवलीची दमट हवा आणि कारखान्याची वाफ, दोघांनी मिळून सगळा डबा खाल्ला होता.

पाटकर खुर्चीत बसले. भिवंडीच्या एका प्रोसेसवाल्याची, म्हणजे कापड रंगवून देणाऱ्याची, मोठी ऑर्डर त्यांच्याकडे होती. परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलाचे पडदे, गडद मोरपंखी रंगाचे. पहिली अर्धी खेप गेली होती आणि तिथे लागलीही होती. दुसरी अर्धी तंतोतंत तशीच यायला हवी होती. एकाच दालनात दोन छटा दिसल्या असत्या तर सगळा माल परत आला असता आणि भिवंडीवाला पुन्हा दारात उभा राहिला नसता. कारखान्यातल्या सगळ्यांचं काम तेव्हा त्याच्याच ऑर्डरवर चाललं होतं.

"काका आहेत ना," मी म्हटलं. "त्यांनी तर यंत्राशिवाय इतकी वर्षं केलंय."

पाटकर टेबलावरचे कागद सारखे करायला लागले. मोन्यांनी फ्लॉप्यांचा डबा बंद केला.

थोड्या वेळाने पाटकर फोन करायला बाहेर गेले. नाखवा पेटीत डोकं घालून बसला होता. मोन्यांनी मला खिडकीशी बोलावलं आणि कापडाचा एक तुकडा हातात दिला.

"लिमयेबाई, हा रंग कसा दिसतो तुम्हाला?"

"निळा. जरा हिरव्याकडे झुकणारा. छान आहे."

"मला राखाडी-हिरवा दिसतो," ते म्हणाले. "निळा मला दिसतच नाही हल्ली. डोळ्यांवर पिवळी काच लावल्यासारखं असतं. मोतीबिंदू."

"ऑपरेशन करून घ्या की."

"माझ्या थोरल्या भावाने केलं होतं. त्याचा एक डोळा गेला त्यात. आणि मी महिनाभर घरी बसलो तर इथे रंग कोण बघणार?" मग त्यांनी तो तुकडा घडी करून खिशात ठेवला. "वर्षभर यंत्राच्या जिवावर ढकललं. शरदला सांगू नका हं. त्याच्या वडिलांना मी शब्द दिलाय."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

नाखवाचं म्हणणं सरळ होतं. अगदी अशीच डिस्क मिळवायची, तिचा बोर्ड काढून हिला लावायचा आणि चकत्या फिरल्या की आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. मी म्हटलं, मुंबईत शोधते, विक्रेत्याकडे विचारते, बाजारही बघते.

पाटकर एकदम म्हणाले, "इथलं नको मॅडम. इथेच घेतलेली डिस्क होती ना ती? थेट कंपनीकडून मागवा. ओरिजिनल."

मला ते लागलं. डिस्क इथे घेतली म्हणून जळली नव्हती; लाइटच्या झटक्याने अस्सल काय आणि नक्कल काय, दोन्ही जळतात. पण माणूस इतका घाबरलेला दिसत होता की वाद घालवेना. तरी मी विक्रेत्याला फोन केलाच. ते मॉडेल त्याच्याकडे संपलं होतं. बाजारात गेले, तिथे एकाने तेच मॉडेल म्हणून दुसरंच काढून दाखवलं. वरचं लेबल नवं आणि खालचे स्क्रू गंजलेले. तेव्हा मग तिकडूनच मागवायचं ठरलं. कंपनीला फॅक्स केला. उत्तर आलं, हे मॉडेल अजून बनतं, पाठवतो.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवलं तरी पाय दुखतात. बँकेत परकीय चलनाचं नाव काढलं की साहेब पंख्याकडे बघायचे. एका नगासाठी एवढा खटाटोप का, हे प्रत्येकाला नव्याने सांगावं लागायचं. मी पडद्यांची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की ते हॉटेल मला पाठ झालं. भिवंडीवाल्याने एकदा मुदत वाढवून दिली आणि पुन्हा मागू नका म्हणून बजावलं. दर संध्याकाळी पाटकरांचा फोन यायचा. "मॅडम, काही कळलं?" आणि मधूनच मोन्यांचा, हळू आवाजात, तोच प्रश्न.

शेवटी डिस्क सहारला उतरली. कस्टम्सच्या तपासनिसाने खोका उघडायला सांगितला. मी त्याला विनंती केली, "जरा मऊ जागेवर ठेवता का? धक्का चालत नाही तिला." त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढून टेबलावर पसरला आणि डिस्क त्यावर ठेवली. "यात काय साठवतात?" त्याने विचारलं.

"ज्याला जे हवं ते. हिच्यात रंग भरायचेत."

"रंग?" तो म्हणाला आणि हसला. पण जाताना त्याने खोका स्वतःच्या हाताने पुन्हा नीट बांधून दिला. एवढ्या वर्षांत विमानतळावरचे कितीतरी खेटे मी विसरले, तो रुमाल मात्र लक्षात राहिला.

डोंबिवलीला सगळे वाट बघत होते. नाखवाने पिशवी उघडली, नवी डिस्क उलटी केली, जुनी तिच्याशेजारी ठेवली आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, ही नाय चालायची."

"मॉडेल तेच आहे."

"मॉडेल तेच. बोर्ड बदललाय. ही जोडणारी पट्टी बघा, जागाच निराळी." त्याने दोन्ही बोर्डांवरची जागा बोटाने दाखवली. मला सुद्धा दिसत होतं. कंपनीने मधल्या काळात बोर्डात सुधारणा केली होती. नाव तेच ठेवलं होतं. माल ताजा होता, अस्सल होता, आणि तो ताजा होता म्हणूनच आमच्या उपयोगाचा नव्हता. आम्हाला शिळी डिस्क हवी होती. आमच्या डिस्कच्याच खेपेतली.

पाटकर उठून बाहेर गेले. नाखवा म्हणाला, "त्या खेपेतल्या बाकीच्या कुठं गेल्या, मॅडम?"

तेच मी आठवत होते. एक ठाण्याच्या औषधवाल्याकडे, तिच्यावर दिवसभर बिलं निघायची. एक वकिलाकडे. त्यांच्याकडे मागण्यात अर्थ नव्हता, कारण नाखवाने धोका आधीच सांगितला होता: आत कुठे शॉर्ट असेल तर लावलेला दुसरा बोर्डही जळेल. चालत्या धंद्यातली डिस्क अशी कोण देणार? मग मला कल्याणचं कॉलेज आठवलं.

त्या कॉलेजने आमच्याकडून एक कॉम्प्युटर घेतला होता. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराबाहेर चपला काढायची पाटी. यंत्रावर जांभळ्या मखमलीचं आवरण, खोलीची किल्ली प्राचार्यांकडे. नाखवा तिथे वार्षिक तपासणीला गेला की हसत परत यायचा. "पेटी अजून नवरीच हाय," तो म्हणायचा. वर्षातून एकदा, पाहुणे आले की आवरण निघायचं, एक पान छापून दाखवलं जायचं आणि आवरण परत पडायचं.

पाटकर मला कारखान्याच्या टेंपोतून कल्याणला घेऊन निघाले. स्वतः चालवत होते. त्यांचे हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असायचे. त्या दिवशी जांभळे होते. ठाकुर्ली मागे पडली. मग म्हणाले, "मॅडम, एक सांगतो, तुमच्यापाशीच ठेवा. काकांना दिसत नाही."

मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"दोन वर्षं झाली. निळ्यात चुकायला लागले. मी त्यांच्या मागे गुपचूप माल दुरुस्त करायचो. एकदा त्यांनी मला तसं करताना जवळजवळ पकडलंच. तेव्हा मग हे यंत्र आणलं. त्यांना सांगितलं, जमाना बदललाय, गिऱ्हाईक यंत्राचा आकडा मागतं. म्हणजे त्यांना वाटावं, ते चुकत नाहीत, यंत्र आलंय म्हणून डोळ्याचं काम कमी झालंय."

"त्यांना सांगून टाकायचं ना, डोळे करून घ्या म्हणून."

"कसं सांगू? त्यांनी मला हाताला धरून रंग शिकवले. त्यांना मी सांगू, तुम्हाला रंग दिसत नाहीत?" टेंपो फाटकाशी थांबला. "ती डिस्क गेली तर त्यांना पुन्हा खिडकीशी उभं राहावं लागेल. सगळ्यांसमोर. भिवंडीवाल्यासमोर. म्हणून मी तुमच्या मागे लागलेलो, ओरिजिनलच पाहिजे म्हणून. मला दुसरं काही सुचतच नव्हतं."

इतके दिवस मी या माणसाला परदेशी मालाचं वेड असलेला समजत होते. आता माझ्याजवळ दोघांची दोन गुपितं होती आणि दोन्ही एकच होती. ती एकमेकांपाशी पोचवायचा मला अधिकार नव्हता. मी फक्त एवढंच म्हटलं, "कॉलेजचं माझ्यावर सोडा."

प्राचार्य सज्जन होते, पण पहिल्यांदा त्यांनी साफ नकार दिला. यंत्र डेड स्टॉकच्या वहीत नोंदलेलं, त्यातला भाग बाहेर कसा द्यायचा? मी कारखान्यातल्या माणसांचं सांगितलं. त्यांनी सहानुभूती दाखवली आणि मान हलवली. मग मी पिशवीतून नवी डिस्क काढली.

"उसनी मागत नाही सर. तुमची जुनी घेते आणि त्या बदल्यात ही नवी बसवून देते. हेच मॉडेल. नोंदीत काही बदलायला नको."

त्यांनी चष्मा वर सरकवला. "ही कुठून घेतलीत?"

"थेट परदेशातल्या कंपनीकडून. काल-परवाच विमानाने आलीय. तुमच्या यंत्रातली मुंबईत घेतलेली होती."

"म्हणजे इम्पोर्टेड?"

"पूर्ण इम्पोर्टेड. कागद आहेत."

प्राचार्यांनी शिपायाला किल्ली आणायला सांगितली. मखमल निघाली. चपला दाराबाहेर काढून नाखवाने, तो मागून येऊन पोचला होता, अर्ध्या तासात अदलाबदल केली. निघताना प्राचार्यांनी विचारलं, "यंत्रावर तशी एक पट्टी लावता येईल का? इम्पोर्टेड डिस्क म्हणून?" मी म्हटलं, "मी स्वतः छापून पाठवते." आणि पाठवलीही. टेंपोत बसल्यावर पाटकर बऱ्याच दिवसांनी हसले.

कारखान्यात पोचलो तेव्हा दुपार कलत होती. नाखवाने दोन्ही डिस्क टेबलावर ठेवल्या. कॉलेजच्या डिस्कचा बोर्ड उतरवला, पट्टीशी पट्टी जुळवून पाहिली. जुळत होती. तो पाटकरांना म्हणाला, "सगळ्या मोटारी बंद करा. लाइट हलता कामा नये." मिक्सर थांबले. त्या कारखान्यात मी शांतता कधी ऐकली नव्हती. कामगार एकेक करून दाराशी येऊन उभे राहिले, हात पुसत. मोने कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, हात मांडीवर ठेवून.

नाखवाने हात पुसले. "आत शॉर्ट असेल तर हा पण जाईल," त्याने मला पुन्हा एकदा सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मग बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग एक बारीक सूर लागला, चढत गेला आणि एका जागी स्थिर झाला. चकत्या फिरत होत्या. टक टक असे दोन-तीन आवाज झाले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि त्यांच्याखाली रंगांची नावं, एकाखाली एक, पान भरून.

नाखवाने श्वास सोडला तो मला ऐकू आला. "जित्या हायत," तो म्हणाला आणि लगेच आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायला बसला. ती मी आमच्या ऑफिसातून आणली होती, मुंबईच्या विक्रेत्याकडून घेतलेली, इथलीच. पाटकरांनी ती कुठली म्हणून विचारलंसुद्धा नाही.

उतरवून झालं, तपासून झालं, फ्लॉप्यांवर नक्कल झाली, दुसरी नक्कलही झाली. मोने इतका वेळ उठले नव्हते. आता ते पडद्याजवळ आले, नाक जवळजवळ काचेला लावून त्यांनी नावं वाचली. मोरपंखीपाशी थांबले.

"सगळं आलं?" त्यांनी नाखवाला विचारलं.

"सगळं, काका."

"म्हणजे मी नसलो तरी हे निघेल. कोणीही काढेल."

"काका, असं काय बोलता," पाटकर म्हणाले.

"चांगलं बोलतोय." मोने स्टुलावर परत बसले. त्यांचा आवाज अगदी मोकळा होता. "शरद, मला मोतीबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत. बरेच दिवस झाले. तुला सांगितलं नव्हतं. आता मी ऑपरेशन करून घेतो. महिनाभर नसलो तरी अडणार नाही."

पाटकर पुढे झाले. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून डॉक्टरचं एक कार्ड काढलं आणि मोन्यांच्या हातात दिलं. कडा झिजलेल्या होत्या. "ठाण्याचे आहेत. चांगले आहेत. मी दोनदा भेटून आलोय त्यांना. तुम्ही म्हणाल तेव्हा वेळ देतो म्हणालेत."

मोन्यांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. वाचता आलं की नाही कोण जाणे. "दोनदा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"मागच्या वर्षी."

मोन्यांनी मान हलवली. मग ते कार्ड त्यांनी जपून खिशात ठेवलं. दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी जाऊन मिक्सर चालू केला आणि सगळे पांगले. नाखवा स्क्रू गोळा करत होता. मी पर्स उचलली आणि त्याला खूण केली, चल.

पडद्यांचा माल वेळेत गेला आणि पास झाला. भिवंडीवाल्याला यातलं काहीच कधी कळलं नाही.

पुढे काळ भराभर बदलला. ड्यूट्या उतरल्या, परवाने गेले, आणि नव्वदचं दशक सरता सरता डोंबिवली स्टेशनबाहेर चष्म्याच्या दुकानाशेजारी डिस्क मिळायला लागली. इथली की तिकडची, हा प्रश्न उरला नाही. सगळ्या तिकडच्याच होत्या आणि सगळ्या इथेच मिळत होत्या. माझ्यासारखी माणसं नुसती फोन करून भाव विचारायला उरली. वाईट वाटलं का, तर थोडं वाटलं. एखादी गोष्ट मिळवायला जी माणसं भेटायची, ती भेटायची बंद झाली. एमआयडीसीतून जाताना नाल्याचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं दिसायचं, तेव्हा त्याचंही वाईट वाटायचं. रंगाच्या त्या गोष्टीला ही पण एक बाजू होती, ती कुठल्या डिस्कमध्ये भरली नव्हती.

मोन्यांना मी भेटायला गेले होते ते तेव्हाच, पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यानंतर आठवड्याभराने. डोंबिवली पूर्वेला त्यांची दोन खोल्यांची जागा. जाताना मोसंबी घेतली होती. दार त्यांच्या पत्नीने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलेत," त्या कुजबुजल्या.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, हात पोटावर, आणि घोरणं अगदी संथ. खिडकीवर पडदा ओढलेला होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"उत्तम झालंय म्हणाले. शरद रोज येऊन जातो." काकू स्वयंपाकघरात गेल्या, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. "आमचं लग्न झाल्यापासून हे कधी दुपारी झोपले नव्हते हो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाही. आता जेवले की झोपतात ते थेट चहाला उठतात."

"उठवू नका," मी म्हटलं. "मी परत येईन."

आम्ही दोघी हळू आवाजात बोलत चहा प्यायलो. निघताना मी पुन्हा एकदा आत डोकावले. त्यांनी कूस बदलली होती, आणि अजून गाढ झोपलेले होते.